इटली ‘कुणाच्या मदतीविना’ एक झाली?

पंधरा ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: इटलीचे तुकडे पडले होते, पण लोकांची भाषा एक होती. क्रांतिकारक विचारवंत मॅझिनीने त्यांना जागे केले, सेनानी गॅरिबाल्डीने हजार वीर घेऊन देश जिंकला, कुणा परक्यापुढे हात न पसरता इटली एक झाली आणि मॅझिनीचे स्वप्न साकार झाले.

आपल्याकडे हे पटकन पटते. सावरकरांनी मॅझिनीचे लेखन १९०७ मध्ये मराठीत आणले, ‘अभिनव भारत’पुढे त्याच्या ‘यंग इटली’ या गुप्त संघटनेचा नमुना होता, मॅझिनी आपल्याला परका नाही. म्हणून तर त्याच्या नावावर खपणारी ही कथा तपासायला हवी.

परक्यांच्या मदतीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठी थाप तीच आहे. तेव्हा उत्तर इटलीतले लोंबार्डी आणि व्हेनिस हे प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. जुलै १८५८ मध्ये पिडमाँट या वायव्य इटलीतल्या राज्याचा पंतप्रधान कावूर फ्रान्समधल्या प्लाँबिएर या गावी गुपचूप जाऊन फ्रेंच सम्राट तिसऱ्या नेपोलियनला भेटला. ऑस्ट्रियाशी लढायला फ्रान्सने यायचे आणि बदल्यात पिडमाँटकडचे साव्हॉय व नीस घ्यायचे, असा सौदा ठरला. वर पिडमाँटचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याची पंधरा वर्षांची मुलगी क्लोतिल्द नेपोलियनच्या छत्तिशीतल्या चुलतभावाला द्यायची. लग्न जानेवारी १८५९ मध्ये लागलेही. त्याच वर्षी फ्रेंच फौजा रेल्वेने आणि जहाजांनी इटलीत उतरल्या, जूनमध्ये माजेंता आणि सोल्फेरिनोच्या लढाया झाल्या. मग नेपोलियनने कावूरला न विचारता परस्पर तह केला. ऑस्ट्रियाने लोंबार्डी सोडली ती फ्रान्सच्या हाती, आणि फ्रान्सने ती पिडमाँटला दिली. कावूरने संतापून राजीनामा दिला. पुढच्या वर्षी तो परत सत्तेवर आला आणि नीस फ्रान्सला देऊन टाकले. नीस हे गॅरिबाल्डीचे जन्मगाव. त्याने कावूरला हे कधीच माफ केले नाही.

१८६६ ची गोष्ट तर आणखी अवघड जागेची. कुस्तोझाला जमिनीवर आणि लिसाजवळ समुद्रावर, दोन्हीकडे इटलीने ऑस्ट्रियाकडून मार खाल्ला. तरी व्हेनिस मिळाले, कारण तिकडे सादोवाला इटलीचा मित्र असलेल्या प्रशिया या जर्मन राज्याने ऑस्ट्रियाला लोळवले होते. तेव्हाही ऑस्ट्रियाने व्हेनिस थेट इटलीला दिले नाही; आधी नेपोलियनला दिले आणि त्याने पुढे सरकवले. रोममध्ये पोपच्या रक्षणाला असलेली फ्रेंच शिबंदी १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध पेटल्यामुळे निघून गेली, आणि २० सप्टेंबरला इटालियन सैन्य शहरात शिरले. तीन टप्पे, आणि तिन्ही वेळा निकाल इटलीबाहेरच्या ताकदींनी लावला.

आता ते हजार वीर. ५ मे १८६० रोजी जिनोव्हाजवळच्या क्वार्तोहून गॅरिबाल्डीबरोबर हजाराहून थोडे अधिक लोक सिसिलीकडे निघाले हे खरे, आणि कालाताफिमीची त्यांची चढाई कुणीही मान द्यावा अशीच होती. पण सिसिलीत एप्रिलपासूनच उठाव सुरू होता. ते उतरले त्या मार्सालाच्या बंदरात ब्रिटिश जहाजे उभी होती, म्हणून नेपल्स-सिसिलीच्या बूर्बाँ राजाचे आरमार तोफा डागायला कचरले. ऑक्टोबरमध्ये व्होल्तुर्नोच्या लढाईपर्यंत गॅरिबाल्डीचे सैन्य वीस हजारांच्या वर गेले होते.

सिसिलीचे शेतकरी त्याच्या बाजूला आले यामागे जमिनीची आशा होती. २ जूनला त्याने तसे फर्मानच काढले होते. ऑगस्टमध्ये ब्रोंते गावातल्या लोकांनी ते खरे मानले. तिथली मोठी जहागीर इंग्लंडच्या अॅडमिरल नेल्सनच्या वारसांकडे होती. गावकऱ्यांनी बंड केले, गावातल्या प्रतिष्ठितांना ठार मारले. ते क्रूर होते, यात वाद नाही. गॅरिबाल्डीचा उजवा हात नीनो बिक्सिओ आला, घाईघाईत खटला चालला आणि पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यांत शेतकऱ्यांचा कैवार घेणारा एक वकील होता आणि गावातला एक वेडाही. फिरणाऱ्या मजकुरात हा प्रसंग मला आजवर दिसलेला नाही. १८६१ नंतर दक्षिणेत ‘दरोडेखोरां’विरुद्ध म्हणून जे युद्ध चालले त्यात नव्या राष्ट्राने सुमारे लाखभर सैनिक उतरवले, आणि १८६३ च्या पिका कायद्याने लष्करी न्यायालये बसवली.

भाषेचा मुद्दा चार ओळींत संपतो. एकीकरणाच्या वेळी इटालियन भाषा येणाऱ्यांचे प्रमाण भाषातज्ज्ञांच्या अंदाजांनुसार अडीच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान होते. सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. राजा पिडमाँटची बोली बोले आणि कावूरला फ्रेंच अधिक सोयीची वाटे.

आणि मॅझिनीचे स्वप्न? त्याला प्रजासत्ताक हवे होते. १८४९ मध्ये रोममध्ये ते काही महिने उभे राहिले, त्याच्या तीन कारभाऱ्यांत तो स्वतः होता, आणि ते फ्रेंच तोफांनी पाडले. १८६१ मध्ये जे घडले ते राज्य होते. राजाने आपल्या नावापुढचे ‘दुसरा’सुद्धा बदलले नाही, म्हणजे पिडमाँटच्या राजांचीच जुनी गणती पुढे चालवली, आणि मताचा अधिकार जेमतेम दोन टक्के लोकांना मिळाला. १८६६ मध्ये मेस्सिनाच्या मतदारांनी मॅझिनीला निवडून दिले; त्याच्यावरची जुनी फाशीची शिक्षा पुढे करून संसदेने निवडणूक रद्द केली. १८७० मध्ये त्याच इटलीने त्याला गाएताच्या किल्ल्यात डांबले.

मग मॅझिनी-गॅरिबाल्डीच्या बाजूचे श्रेय काहीच नाही? आहे, आणि ते त्या फिरणाऱ्या मजकुरात सांगितलेल्यापेक्षा वेगळे आहे: सगळी इटली एक करायला कावूरला भाग पाडले ते त्यांनी. प्लाँबिएरच्या सौद्यात एकसंध इटली नव्हतीच. उत्तरेत पिडमाँटचे मोठे राज्य आणि बाकी तीन भागांसह एक सैल संघ, एवढेच कावूरने मागितले होते. नेपल्स आणि सिसिली त्याच्या हिशोबात आले ते गॅरिबाल्डी तिथे पोहोचल्यावर. कावूरने दक्षिणेकडे सैन्य धाडले, पण ते गॅरिबाल्डीला बळ द्यायला नव्हे. हा माणूस आता रोमवर चालून जाईल आणि नेपोलियन बिथरेल, या धास्तीने.