'जिंजर' आणि शिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'जिंजर' म्हणजे आलं. हा इंग्रजी शब्द संस्कृत 'शृंगवेर'वरून आला आणि त्यातलं 'शृंग' म्हणजे आल्याच्या गड्ड्यात दिसणारं शिंग, असं मी एका लेखात लिहिलं होतं. तो वाचून आपण लिहिलंत, की मी पाली भाषेचा टप्पा गाळला, मूळ शब्द द्रविड आहे, आणि 'आल्यात शिंग दिसणं ही घरबसल्या लावलेली व्युत्पत्ती आहे'.

पालीचं मान्य. संस्कृत 'शृंगवेर' थेट ग्रीकांकडे जाऊन 'झिंगिबेरिस' झालं असं मी लिहून गेलो. मधे पाली 'सिंगिवेर' यायला हवं होतं. आजच दुरुस्ती केली. पुढे लॅटिन 'झिंगिबेर' आणि तिथून फ्रेंच-इंग्रजी, याला आपलीही हरकत दिसत नाही.

पण 'घरबसल्या'? साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात आमचं आल्याचं रान आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागण. त्याआधी आई, चुलती आणि आम्ही पोरं पडवीत बसून बेणं मोडायचो, प्रत्येक तुकड्याला कोंब फुटायचे डोळे राखून. संध्याकाळपर्यंत हातांची नुसती आग. वेडावाकडा फुटलेला गड्डा हातात आला की आई म्हणायची, "ह्यो बघ, खोंडाला शिंगं फुटल्यात." तिला संस्कृतचं अक्षर येत नव्हतं. तिला जे दिसलं तेच शृंगवेर म्हणणाऱ्यांना दिसलं असेल, असं मी म्हटलं तर त्यात काय चुकलं?

एका वर्षी कंदकूज लागली आणि उभं पीक डोळ्यांदेखत गेलं. आमच्याकडे आलं गाडीच्या मापाने विकतात. एक गाडी म्हणजे किती, ठाऊक आहे? 500 किलो. अशा किती गाड्या त्या वर्षी मातीत गेल्या ते मी मोजलंय. चुका जरूर दाखवा, पण मी घरात बसून लिहितो हे तुम्ही कशावरून ठरवलंत? विचारायचं तरी होतं.

राहिलं द्रविड मूळ. तमिळमध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात, 'वेर' म्हणजे झाडाचं मूळ, आणि अभ्यासक शब्दाचा उगम तिकडेच धरतात. धरोत. संस्कृतात येताना त्याला 'शृंग' का चिकटलं, एवढाच माझा मुद्दा होता. याहून जास्त त्यावर लिहीत नाही.

आणि आपण सगळीकडे 'अद्रक' लिहिलंत. साताऱ्यात आलंच म्हणतात. दोन्ही शब्द 'आर्द्रक'वरून आलेत, म्हणजे ओलं ते. वाळलं की सुंठ.