खुलासा : लिनक्सवर व्हिडिओसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच असं नाही

ठाण्यात सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘लिनक्स टाकलंत तर इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर हार्डवेअर डिकोडिंग बंद, सगळा भार प्रोसेसरवर, वेगळं कार्ड घ्या.’ लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली चित्रं दाखवणारी चिप, आणि हार्डवेअर डिकोडिंग म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचं काम त्या चिपने करणं. मेसेजमधला दावा खरा नाही. शिवाय जुन्या लॅपटॉपमध्ये हे कार्ड बसवायचं कुठे, ते मेसेजवाल्यांनी सांगितलेलं नाही!

इंटेल आणि एएमडीच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सना लिनक्सवर व्हीए-एपीआय या सॉफ्टवेअर-दुव्यामार्फत हार्डवेअर डिकोडिंग मिळतं. फायरफॉक्समध्ये इंटेलसाठी ते 2023 मधल्या 115 व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं.

मग व्हिडिओ का अडखळतो? बहुतेकदा कोडेकमुळे, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीमुळे. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर एच.264 हा कोडेक सहज उलगडतो, पण यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी9 किंवा एव्ही1 पाठवतं आणि ते त्या चिपमध्ये नाहीच. तिथे विंडोज टाकूनही चिप बदलणार नाही. इंटेलमध्ये 10-बिट एचईव्हीसी हा कोडेक सातव्या पिढीपासून आणि एव्ही1 अकराव्या पिढीपासून आलं.

दुसरं कारण ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे ‘आयएचडी’ (iHD) लागतो, त्याआधीच्यांना ‘आय965’ (i965). फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात मात्र 2022 पासून एएमडीसाठी एच.264 आणि एचईव्हीसीचं डिकोडिंग पेटंटच्या भीतीने मूळ पॅकेजमधून काढलंय. ते आरपीएम फ्यूजन या वेगळ्या सॉफ्टवेअर-भांडारातून घ्यावं लागतं. ही अफवा बहुधा तिथूनच निघाली असावी.

कार्ड घ्यायला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर-बाजाराची लोकल पकडण्याआधी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘व्हीएइन्फो’ (vainfo) चालवा. कोडेकच्या नावापुढे ‘व्हीएलडी’ (VLD) दिसलं, तर त्याचं डिकोडिंग तुमच्या मशीनवर होतं.