बोलाइन आधी, संचलन नंतर

'स्काउट म्हणजे गणवेश, स्कार्फ आणि १५ ऑगस्टचं संचलन' हे स्काउटवरच्या एका लेखातलं वाक्य मनाला लागलं. मी कोल्हापुरात बिनपगारी स्काउट पथक चालवतो. पोरांना आधी दोराची बोलाइन गाठ शिकवतो. कमरेला बांधून कितीही ओढा, फास आवळत नाही, म्हणून माणसाला वर ओढायला ती चालते. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचा पूर बघितलेल्या पोरांना ती कशाला, हे सांगावं लागत नाही. १९०७ च्या, इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या स्काउट शिबिरात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी श्रीमंतांची आणि कामगारांची मुलं एकत्र ठेवली होती. आमच्याही पन्हाळ्याच्या शिबिरात डॉक्टरांचा आणि हमालाचा पोरगा एकाच चुलीला फुंकर घालतात. शाळांनी शनिवारची सकाळ तेवढी मोकळी द्यावी, एवढंच मागणं आहे.