चांगल्या घरी कोंबडा देणे आहे

परवा पुन्हा तसाच मेसेज. ‘चार कोंबडे देणे आहे, चांगल्या घरी. कापणार असाल तर कृपया संपर्क करू नये.’ फोटोत चौघं ऐटीत उभे, तुरे लालभडक. यंदाचा हा चौथा मेसेज. सगळे बंगलेवाल्या हौशी मंडळींचे.

पुण्यातल्या धायरीत घरामागच्या जागेत मी सहा वर्षं कोंबड्या पाळतेय. सध्या सात कोंबड्या, एक कोंबडा. लोक विचारतात, खुराडं केवढं, खायला काय, अंडी किती? अहो, ते महिनाभरात जमतं. कोंबडीमागे दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा, कवच पक्कं व्हायला शिंपल्यांचा चुरा, खाली भाताचं तूस आणि तिन्हीसांजेला दार लावणं. एकदा विसरले, मुंगसाने दोन मारल्या. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस तेवढी डोकं उठवते. कुपी शंभर डोसांची, कोंबड्या आठ, आणि एकदा कालवली की थोड्या वेळात संपवायची. म्हणून आम्ही तीन घरं एकाच दिवशी देतो.

कुणी विचारत नाही ते नरांचं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवलीत की पिल्लांत साधारण निम्मे नर निघणारच. रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ना, तीही बहुतेक हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या कारखान्यातून, स्वस्तात काढलेले नरच. पोरगं हट्ट करतं, घरी आणतात, आणि जगलंच तर पाच महिन्यांनी मेसेज टाकतात.

माझंही तेच झालं होतं. पहिल्यांदा अकरा अंडी बसवली. सातव्या रात्री मोबाइलचा टॉर्च लावून पाहिली, दोन कोरी निघाली, आत पिल्लू नव्हतंच. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं! गल्लीभर मिरवले मी. तिसऱ्या महिन्यात एकेकाचा तुरा लाल व्हायला लागला, कमरेवरची पिसं टोकदार आली. मोजले तर पाच कोंबडे. आरवायला शिकणारा कोंबडा घसा बसलेल्या माणसासारखा ओरडतो, हेही तेव्हाच कळलं. पुढे कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली, कातडी उघडी पडली. पाच नर सारखे पाठीवर चढणार आणि माद्या जेमतेम सहा, दुसरं काय होणार! शेजारच्या काकांनी शांतपणे एक कागद हातात दिला. आठ दिवसांच्या आरवण्याच्या वेळा, मिनिटांसकट. सगळ्यात लवकरची, तीन बावन्न.

भोरची मावशी आली आणि म्हणाली, “पाळायची हौस तुझी आन् कापायचं पाप दुसऱ्याचं, व्हय गं?” रात्री खुराड्यातल्या दांडीवरून अलगद उचलला तिने पहिला, अंधारात उचललं की कोंबडं ओरडत नाही. सकाळी कापताना मी पाय धरले होते. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्याच्या वेळी जेवले. कुकरला आठ शिट्ट्या लागल्या.

‘कापू नका’ला माझ्याकडे भूतदयेचे गुण नाहीत. आपलं अवघड काम दुसऱ्याच्या अंगणात ढकलायचं, वर अट घालायची. घेणारा आठवड्यात कापतोच, फक्त सांगत नाही. शिवाय यातले कितीतरी जण रविवारी ब्रॉयलर आणतात, तो सहा आठवड्यांचाही नसतो. माझे कोंबडे आठ महिने उकिरडा उकरून, ऊन खाऊन जातात. (शाकाहारी मंडळींनी रागावू नये. तुम्ही अंडी बसवूच नका, म्हणजे झालं.)

कापवत नसेल, तर कोंबडी खुडूक झाली की तिचं उबवायचं खूळ मोडावं. गावाकडे पाण्यात बुचकळतात, नाकात पीस घालतात. मला ते क्रूर वाटतं. मी जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर ठेवते, आत दाणा-पाणी असतं, बसायला गवत नाही. पोटाखालून वारा लागला की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं.

आत्ताही एक पिंजऱ्यात आहे. पिसं फुलवून माझ्यावर गुरगुरतेय.

त्या मेसेजला मी उत्तर दिलं, ‘दोन घेईन, पण कापीन.’ निळ्या टिक्स दिसताहेत. उत्तर नाही.