तोंडाला फेस

१२ वर लावला होता. १२! शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी चष्मा लावून दोनदा बघितलं. शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या एडिसनच्या आमच्या बेसमेंटमध्ये उतरलो, तर सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड बेताच्या दाबाने बियरमध्ये सोडणाऱ्या रेग्युलेटरचा काटा ३४ पीएसआयवर. तीन आठवडे केगमध्ये, म्हणजे पिंपात, जिवापाड सांभाळलेली घरची १९ लिटर बियर. नळ उघडला तर ग्लासात बियर दोन बोटं आणि वर नुसता फेस. संध्याकाळी मंडळी जेवायला येणार, मटण मुरतंय, आणि मी खाली दाढीच्या साबणाने ग्लास भरत उभा.

साबणाचं पाणी मारलं. प्रत्येक जोड, प्रत्येक नळी, प्रत्येक क्लिप. एक बुडबुडा येईल तर शपथ! येणार कसा? गॅस बाहेर जातच नव्हता, आतल्या आत केगकडे झिरपत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग केगकडचा व्हॉल्व्ह बंद केला, दाब १२ वर आणला आणि काट्याकडे बघत बसलो. १२, १५, १९... चढतोच आहे. म्हणजे रेग्युलेटरच्या आतली सीट, गॅस अडवणारी बैठक, गेली.

कंपनीच्या चॅटवर गेलो. पहिला प्रश्न काय असावा? सिलिंडरमध्ये गॅस आहे का. अरे माझ्या राजा, गॅस जास्त येतोय हीच तर तक्रार आहे! मग म्हणे साबणाच्या पाण्याचा फोटो पाठवा. न आलेल्या बुडबुड्यांचा फोटो. पाठवला. मग अकरा प्रश्नांची यादी. त्यात सातवा: गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, कधी बदललं होतं का, थ्रेडवर टेप कशी गुंडाळली होती? टेपचा काय संबंध? पोट दुखतंय म्हटल्यावर चपलेचा नंबर विचारतात हे लोक. तसं लिहून पाठवलंसुद्धा, सगळं मोठ्या अक्षरांत.

आणि ते सिलिंडरच्या बाजूचं गेज! त्याच्याइतका लबाड प्राणी जगात नाही. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर ८०० च्या वर छाती काढून उभं राहणार, आणि तो संपला की ऐन पार्टीत लोळण घेणार. किती उरलाय ते कळायला सिलिंडर बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवा आणि मानेवर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करा. मग गेज कशाला, शोभेला? भरून देणाऱ्या दुकानाचं तर नावच नको. माझा कोरा चकचकीत सिलिंडर ठेवून घेतला आणि पोचे पडलेला, कुणाच्या तरी आज्याचा हातात दिला.

बायको वरून म्हणाली, "कोपऱ्यावर मिळते की बियर." मिळते. मुद्दा तो नाहीये!

दुपारी सिलिंडर बंद केला, उरलेला दाब सोडला आणि पाना घेऊन रेग्युलेटर उघडला. सीटवर तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी. चिमट्याने उचललं. टेपची चिंधी.

गेज मार्चमध्ये मीच बदललं होतं. टेप पार टोकापर्यंत, वर लीक नको म्हणून दोन वेढे जास्तीचे. त्यातला तुकडा सुटून गॅसबरोबर सीटवर जाऊन बसला, आणि सीट मिटेना. सगळं परत जोडलं. काटा १२ वर लावला, १२ वरच राहिला, मुकाट.

केगमधला जादा गॅस उतरायला दोन दिवस लागणार होते, म्हणून मंडळी कोपऱ्यावरची बियर प्यायली. बायकोला सांगितलं, सीटमध्ये बिघाड होता. खोटं नाहीये ते. कंपनीची मेल आलीय, सातव्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एकदा तपासून कळवाल का, म्हणून. रोज उघडतो आणि परत 'न वाचलेली' करून ठेवतो.