पुन्हा तेच लाल-हिरवे झोत!

हॅरी पॉटरच्या सिनेमांतली द्वंद्वं बघितली की डोकं सणकतं. हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट यांच्या जादूच्या कांड्यांचे झोत एकमेकांत अडकण्याला पुस्तकात कारण आहे: दोन्हींच्या गाभ्यात एकाच फिनिक्स पक्ष्याचं पीस. मग २०११च्या शेवटच्या भागात व्होल्डेमॉर्टच्या हातात एल्डर वाँड ही वेगळीच कांडी असताना झोत अडकतातच कसे?

आणि तो शेवट! पुस्तकात भरल्या सभागृहात हॅरी व्होल्डेमॉर्टला सरळ टॉम रिडल या त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो, त्याचा विश्वासू मानला गेलेला स्नेप खरं तर त्याच्या विरोधात होता हे सांगतो, एल्डर वाँडचा खरा मालक कोण ते उलगडतो. आधी शब्दांनीच हरवतो त्याला. मग दोघांचा एकेकच मंत्र, आणि साध्या माणसासारखं जमिनीवर पडलेलं प्रेत. सिनेमात? मनोऱ्यावरून उडी, फरफट, रिकामं अंगण, हवेत उडणाऱ्या खपल्या. बघायला कुणीच नाही! अरे, ज्याला अमर व्हायचं होतं तो सगळ्यांदेखत मरायला नको?