पोरं गप्प बसतात आणि आपण फी भरतो

दहावीचा निकाल लागला की बेळगावात चौकाचौकात स्पोकन इंग्लिश आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे बोर्ड लागतात. खानापूर, निपाणीतही तेच. मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवतो, त्यामुळे पालक हमखास विचारतात, "सर, पोरगं चारचौघांत तोंडच उघडत नाही, कुठला क्लास लावू?" माझं मत सांगतो. पोराला गप्प बसवणारी आणि बापाला फी भरायला लावणारी भीती एकच आहे, आणि ती इंग्रजीची नाही, माणसांची आहे.

आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी झालेलं पोर सायन्सला गेलं की एका उन्हाळ्यात त्याचं सगळं शिक्षण इंग्रजीत होतं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी. खानापूरकडच्या एका मुलीला मी ऑस्मोसिस म्हणजे काय विचारलं. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे बघत राहिली. बस म्हटल्यावर बसता बसता शेजारणीला हळूच म्हणाली, "मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, तेच की." उत्तर अगदी बरोबर होतं! तेच तिला मराठीत मोठ्यानं सांगायला लावलं, मग दोघींनी मिळून त्याचं इंग्रजी वाक्य केलं. ते वाक्य वर्गातल्या कित्येक पाठांतरवाल्यांपेक्षा चांगलं होतं.

अमेरिकेतले संवादाचे अभ्यासक जेम्स मॅक्रॉस्की यांनी सत्तरच्या दशकात या भीतीची नीट मांडणी केली: प्रत्यक्ष बोलताना वाटते तीच, पण नुसतं 'आता बोलायचं आहे' या विचारानंही वाटते ती. पुढे १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. त्यात लोक आपल्याला कमी लेखतील ही धास्ती मोठी आहे. शिवाय ही भीती स्वतःला खतपाणी घालते. गप्प बसलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी गप्प बसणं आणखी सोपं होतं.

आता क्लासच्या ऑफिसात या. टेबलावर चकचकीत माहितीपत्रक. वर मोठी फी खोडलेली, खाली लाल अक्षरात तिच्या निम्मी. काउन्सेलर मॅडम सांगतात, दोनच सीट राहिल्यात, आजच भरलीत तर सवलत. खोडलेला आकडा डोक्यात बसला की खालचा आपोआप स्वस्त वाटतो. आधी दिसलेल्या आकड्याची ही पकड ट्व्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवली. मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच हातचं जाण्याचं दुःख जास्त लागतं, हे त्यांनीच १९७९ मध्ये मांडलं. म्हणून 'सीट जाईल' एवढं म्हटलं तरी पुरतं. वर भावकीतल्या पोरानं तोच क्लास लावलेला असतो, मग तर विचारच संपला.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढचं. चिकोडीकडचा शेतकरी बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, घासाघीस करतो. तोच माणूस उसाच्या बिलाचे पैसे या टेबलावर ठेवताना एक प्रश्न विचारत नाही. समोरून फाडफाड इंग्रजी आलं की तो मान हलवतो. आपलं अडाणीपण दिसेल म्हणून गप्प राहतो. त्याची मुलगी वर्गात नेमकं हेच करते. तिच्या ज्या भीतीवर इलाज म्हणून तो आलेला असतो, त्याच भीतीपोटी तो सही करून जातो. माणसाच्या संकोचावर चाललेला हा धंदा मला मान्य नाही.

सगळे क्लास वाईट नसतात. छोटी बॅच, रोज प्रत्येकाला बोलायची संधी, चुकलं तर कुणी हसत नाही, असं असेल तर जरूर लावा. पण बरंच काम फुकटात होण्यासारखं आहे, आणि ते आम्हा शिक्षकांचं आहे. अमेरिकेतल्या शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्ग ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी पोरंही बोलतात. घरी मराठीत विचार करून वर्गात इंग्रजीत मांडणाऱ्या पोराला तर ते सेकंद हवेतच. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग चौघांत, मग वर्गापुढे. पहिलं उत्तर मराठीत आलं, कन्नडमध्ये आलं, तरी घ्या.

आणि पालकांनो, फी भरायच्या आधी एवढं विचाराच: बॅचमध्ये किती पोरं? तासाभरात माझी मुलगी किती मिनिटं बोलणार? एक दिवस मागं बसून बघू देता काय? मराठीत विचारा, खुशाल. उत्तर द्यायला ती माणसं तिथं बसलेली आहेत. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.